विश्लेषण : संगणकातले फोटोंचे फोल्डर अचानक कुठे जातात? ते परत मिळू शकतात का?

विंडोज १०साठीचे मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, पैसे न भरता अपडेट घेण्याची एक वाट ठेवली गेली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन-इन करून संगणकाच्या सेटिंग्ज क्लाउडवर सिंक कराव्या लागतात. ज्यांचा संगणक जरा नवा आहे, ते थेट विंडोज ११कडे वळले. दोन्ही वाटांवर आजवर कुठल्याही ऑनलाइन खात्याशी न जोडलेला घरातला संगणक पहिल्यांदाच मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला जोडला जातो.

बागलाण तालुक्यातल्या नामपूरसारख्या गावात घरचा संगणक म्हणजे बऱ्याचदा मुलांच्या एमएस-सीआयटीच्या निमित्तानं घेतलेला डेस्कटॉप. मुलं नाशिकला किंवा पुण्याला जातात आणि त्या संगणकाला एकच काम उरतं : फोनची मेमरी भरली की फोटो तिथं रिकामे करायचे. बारसं, साखरपुडा, डाळिंबाच्या बागेचं पहिलं वर्ष, आता हयात नसलेले आजोबा, सगळं 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये. फोनमधून ते केव्हाच पुसलेले असतात. म्हणून हा फोल्डर एक दिवस रिकामा दिसला की पोटात गोळा येतो.

'डिलीट झाले' हा पहिला निष्कर्ष मात्र पुष्कळदा चुकीचा असतो. फोटोंची फक्त जागा बदललेली असते. खरं नुकसान पुढच्या तासाभरातल्या घाईत होतं.

वनड्राइव्ह नेमकं काय करतं?

विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मध्ये, वापरणाऱ्याच्या नावाखाली असतात. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला की ते त्याच नावाखालच्या 'वनड्राइव्ह' फोल्डरमध्ये सरकतात. नाव बॅकअपचं असलं तरी मूळ फाइल जागेवर ठेवून दुसरी प्रत काढणं, असा हा प्रकार नाही. फाइलच घर बदलते आणि क्लाउडवर तिचं प्रतिबिंब तयार होतं. विंडोज ११ नव्यानं टाकताना हा बॅकअप न विचारताच सुरू होतो, अशा तक्रारी २०२४मध्ये जगभर झाल्या. विंडोज १०च्या वाढीव अपडेटसाठी फोटो चढवण्याची सक्ती नाही. पण 'विंडोज बॅकअप'मध्ये सेटिंग्जच्या शेजारीच फोल्डरचेही पर्याय असतात आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाणाऱ्याला हा फरक कळत नाही.

मोफत जागा मिळते ५ जीबी. एक फोटो ४ एमबीचा धरला तर साधारण १,२५० फोटो. एका लग्नालाही ती पुरत नाही. मग जागा भरल्याचे इशारे येऊ लागतात आणि घरातलं कुणीतरी दोनपैकी एक गोष्ट करतं.

कुणी वैतागून बॅकअप बंद करतं. वनड्राइव्हच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये यानंतर नेहमीचा पिक्चर्स फोल्डर रिकामा दिसतो. आत 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाचा एक शॉर्टकट तेवढा असतो. तो उघडला की फोटो वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शाबूत सापडतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. 'फोटो संगणकात आहेतच की' असं समजून कुणी फोनवरून किंवा वेबसाइटवरून क्लाउडमधले फोटो पुसतं. दोन्हीकडे फाइल एकच असल्यामुळे ती संगणकातूनही जाते. वैयक्तिक खात्यात पुसलेल्या फाइल वनड्राइव्हच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात. फोटो गायब झाल्याचं ध्यानात आलं की सगळ्यात आधी तिथं बघायला हवं, कारण मुदत संपायची वाट पाहण्यात काहीच फायदा नाही.

त्यानंतर अख्ख्या सी ड्राइव्हवर शोध. फाइल एक्सप्लोररच्या शोधचौकटीत इंग्रजीत स्टार, डॉट आणि जेपीजी ही अक्षरं टाकली की त्या प्रकारचे सगळे फोटो, कुठल्याही फोल्डरमध्ये असोत, समोर येतात. संगणकात डी आणि ई असे भाग पाडलेले असतील तर तिथंही हाच शोध घ्यावा.

अपडेटमुळे फोटो खरंच पुसले जातात का?

एकदा तसं झालं आहे. विंडोज १०चं १८०९ क्रमांकाचं अपडेट २ ऑक्टोबर २०१८ला आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइल नाहीशा झाल्याच्या तक्रारी येताच चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. चूक होती ती हलवलेल्या फोल्डरांबाबत. ज्यांनी पिक्चर्स फोल्डरचा पत्ता सी ड्राइव्हवरून दुसरीकडे वळवला होता, पण काही फाइल जुन्या जागीच राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटनं फालतू समजून साफ केला. अशा तक्रारींचं प्रमाण दहा हजारांत एक असल्याचं कंपनीनं सांगितलं. काही चाचणी वापरकर्त्यांनी ही चूक आधीच कळवली होती, पण ती गर्दीत हरवली. दुरुस्त अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं. सी ड्राइव्ह लहान ठेवून बाकी सगळं डीमध्ये ढकलायची आपल्याकडची सवय पाहता हे प्रकरण दूरचं वाटायला नको.

फेब्रुवारी २०२०च्या एका अपडेटनंतर अनेकांना कोरा डेस्कटॉप दिसला. तेव्हा मात्र फाइल गेल्या नव्हत्या. विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये उघडत होतं आणि जुना फोल्डर 'यूजर्स'मध्ये नावापुढे तीन शून्यांची शेपटी लावून पडला होता.

दुकानातल्या दुरुस्तीचं काय?

'विंडोज उडालंय, नवीन टाकून देतो' हे दुकानातलं वाक्य इथं सगळ्यात महाग पडू शकतं. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज टाकलं तर जुने फोल्डर 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये राहतात, पण साधारण १० दिवसांनी तेही आपोआप पुसलं जातं. फॉरमॅट केलं तर तेवढीही सोय नाही.

दुसरी अडचण खात्याची. विंडोज ११ होम बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. घाईत दुकानदार स्वतःच्या किंवा तेवढ्यापुरत्या ईमेलवर ते काढून देतो आणि पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणजे घरातले फोटो ज्या खात्यात चढतात, ते घरातल्या कुणाचंच नसतं. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये बऱ्याच संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली, ४८ आकडी क्रमांक, त्याच खात्यात ठेवली जाते. पुढे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी किल्लीशिवाय फोटो वाचता येत नाहीत.

पेनड्राइव्हवरचा व्हायरस हे जुनं दुखणं अजून गेलेलं नाही. फोल्डर दिसेनासे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर फोटो बहुधा फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवायचा, मग 'हिडन आयटम्स' दाखवायचा पर्याय सुरू करायचा.

आणि खरंच पुसले असतील तर?

तर संगणक वापरणं ताबडतोब थांबवायचं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की मग ती जाते. म्हणून फोटो शोधून देणारं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणं हा उलटा उपाय ठरतो. 'फोटोरेक' हे मोफत साधन किंवा मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' वापरताना सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्यावे लागतात. फोटोरेकमधून फोटो परत आले तरी त्यांची मूळ नावं आणि फोल्डर येत नाहीत. एसएसडीत आशा फार कमी. पुसलेली जागा ती स्वतःहूनच आतून मोकळी करते आणि तिथं नाशिक-पुण्याच्या लॅबचाही इलाज बहुधा चालत नाही.

अशा वेळी दुसरीकडे गेलेल्या प्रती गोळा करणं हाच मार्ग उरतो. स्टुडिओवाल्याकडे लग्नाचा मूळ डेटा असू शकतो, पण जागेसाठी तेही जुनं काम पुसतात, तेव्हा लवकर विचारलेलं बरं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर गेलेले फोटो आकारानं लहान झालेले असतात. भिंतीवर लावायला ते अपुरे पडतील, पण आजोबांचा चेहरा त्यात ओळखू येतो.