उरलेल्या गॅलियमवर हक्क कुणाचा?

आमच्या हॉट लॅबमध्ये सकाळी आठच्या आत जनरेटरमधून गॅलियम-68 काढावं लागतं, आणि बहुतेक दिवशी ते काम माझ्याकडे असतं. शिशाच्या विटांआड एका बारीक नळीत जर्मेनियम-68 चिकटून बसलेलं असतं. त्याचा क्षय होत होत गॅलियम तयार होतं. वरून पाचेक मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश सोडलं की जर्मेनियम जागेवर राहतं आणि गॅलियम तेवढं खाली व्हायलमध्ये उतरतं. आमच्यात याला गाईचं दूध काढणं म्हणतात. चार तास थांबलं की गाय पुन्हा जवळजवळ तेवढंच देते.

मग पळापळ. गॅलियमचं अर्धायुष्य 68 मिनिटं. बफर घालायचा, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू मिसळायचा, व्हायल 95 अंशांवर काही मिनिटं तापवायची, शुद्धता तपासायची, गाळून घ्यायचं. तोवर बाहेरच्या बाकावर कुणी काका उपाशीपोटी बसलेले असतात. शेजारच्याचा साखरेचा पेट स्कॅन झालेला, त्याने सांगितलेलं, पाणीसुद्धा पिऊ नका! या स्कॅनला उपास लागत नाही, उलट पाणी भरपूर प्यायचं असतं. मी कँटीनमधून चहा-बिस्किटं मागवते. पुढचा प्रश्न ठरलेला, “ताई, नातवाला जवळ कधी घेऊ?” आज जरा लांब ठेवा काका, उद्या खुशाल घ्या. अकरा-बारा तासांत त्यातलं हजारात एक भागही धड उरत नाही.

आता खरा मुद्दा. 50 मिलिक्युरीच्या नव्या जनरेटरमधून एका वेळी निघालेल्या गॅलियमवर तीन-चार पेशंट सहज होतात. ज्या दिवशी यादीत दोनच नावं असतात, त्या दिवशी उरलेलं औषध शिशाच्या डब्यात पडून विझतं. जनरेटरची किंमत लाखांत, बहुतेक माल परदेशातून येतो, आणि वापरा किंवा न वापरा, त्यातलं जर्मेनियम 271 दिवसांत निम्मं होतं. शिल्लक टाकायची सोयच नाही. आणि त्याच शहरातल्या सरकारी दवाखान्यात एखादा माणूस रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची खूण) का वाढतंय म्हणून सीटी आणि बोन स्कॅनचे रिपोर्ट पिशवीत घेऊन फिरत असतो. दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’.

हा स्कॅन म्हणजे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. ऑस्ट्रेलियातल्या 302 रुग्णांवरचा अभ्यास 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. धोकादायक प्रोस्टेट कॅन्सर कुठवर पसरलाय हे ओळखण्यात गॅलियम-पीएसएमए स्कॅनची अचूकता 92 टक्के भरली, सीटी आणि बोन स्कॅनची मिळून 65 टक्के. काही मिलिमीटरची लसिकाग्रंथी उजळून दिसली की ऑपरेशनचा बेतच बदलतो.

आणखी एक विसंगती मला खटकते. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-177 बसवलं की जवळपास तसाच रेणू कॅन्सरच्या पेशींपर्यंत जाऊन तिथेच मारा करतो. ते ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून उभं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सिरियम ऑक्साइड वापरून जनरेटरची स्वतःची नळीही करून दाखवली. एवढं सगळं हाताशी, आणि उपचार द्यायचा की नाही हे ठरवणारा स्कॅन मात्र ज्याच्या खिशात पैसे त्याचा.

म्हणून माझं म्हणणं असं की, जिथे जिथे गॅलियमचा जनरेटर चालतो, तिथे रोज सकाळच्या खेपेतले निदान दोन डोस सरकारी दवाखान्यांच्या रुग्णांसाठी राखावेत आणि राज्याच्या आरोग्य योजनेतून त्यांचा ठरावीक दर द्यावा. व्यवस्थापनवाले म्हणतील, परवडत नाही. तिसऱ्या डोससाठी वेगळं गॅलियम लागत नाही, वेगळी व्हायलही लागत नाही. लागतात ती मशीनवरची वीसेक मिनिटं, सिरिंज, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचा वेळ. तेवढ्याचे पैसे सरकारने वेळेवर द्यावेत. (वेळेवर हा शब्द मी जपून लिहिलाय. बिलं थकली की पहिली गदा अशाच रुग्णांवर येते.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फ्लोरिन-18 चं पीएसएमए औषध आता मिळतं, त्याचं अर्धायुष्य 110 मिनिटांचं, सायक्लोट्रॉनमध्ये एका दमात पुष्कळ बनतं. मग जनरेटरच्या नादी कशाला लागायचं? मुंबई-पुण्यापुरतं हे मान्य. पण मुंबईहून रत्नागिरीला गाडी सात तासांत पोचली तर त्यातला जेमतेम चौदावा हिस्सा हाती लागेल, आणि घाटात ट्रॅफिक लागला तर तोही नाही. सायक्लोट्रॉनपासून लांबच्या गावांत उद्या स्कॅनर आले, तरी औषध तिथल्या तिथेच काढावं लागणार. तिथे चार हॉस्पिटलांनी मिळून एक जनरेटर घेतला, तरच तो परवडेल.

त्याची सवय आत्तापासून मोठ्या शहरांत लागावी. सुरुवातीला नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. सरकारी दवाखान्याच्या कॅन्सर ओपीडीतून आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर नावं यावीत, सोबत वजन आणि क्रिएटिनिन. गावाहून येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय कोण बघणार, हेही त्याच फोनवर ठरावं, कारण मुक्कामाची एसटी सकाळी किती वाजता पोचेल याचा भरवसा नाही, आणि व्हायल तापवली की माझ्या हातात तास-दीड तासच असतो.