ताटात काय, आणि पाटावर कोण?

मैत्रिणींनो,

हा अंक हातात पडल्यावर तुमच्यापैकी काही जणींच्या भुवया वर जाणार, याची मला कल्पना आहे. मुखपृष्ठावर शेवग्याची फांदी, आत परसबागेवर दोन लेख, नाचणीचे आणि अळिवाचे पदार्थ, रानभाज्यांची ओळख. ‘चूल आणि मूल’ नाकारत ज्या चळवळीने घराबाहेर पाऊल टाकलं, तिच्याच त्रैमासिकात आता पाककृती? संपादक मंडळाच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला आणि त्यावर चांगला दोन तास वाद झाला. एकीचं म्हणणं होतं, पाककृती छापणारी मासिकं बाजारात कमी आहेत का, की आपणही त्यात भर घालावी? दुसरीचा आक्षेप जास्त टोकदार होता. ‘पौष्टिक खा, घरचं खा, परसात भाजी लावा’ हे सगळे उपदेश शेवटी बाईलाच ऐकवले जातात. म्हणजे तिच्या कामात आणखी तीन कामांची भर. दोन्ही आक्षेप मला मोलाचे वाटतात. तरीही हा अंक काढावा असा आग्रह मी धरला. त्यामागची भूमिका तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढलं. त्याच पाहणीत, त्याच वयाच्या पुरुषांमधलं प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. छप्पर एक, चूल एक, पातेलं एक. आणि रक्तात मात्र एवढा फरक.

याला शरीराचं कारण आहेच. दर महिन्याची पाळी, बाळंतपणं, अंगावरचं दूध. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलीग्रॅम लोह लागतं आणि प्रौढ स्त्रीला २९ मिलीग्रॅम. म्हणजे बाईची गरज दीडपट. आणि तिच्या वाटणीला काय येतं? सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्याच्या कडेला लागलेली भाजी, वरणातलं वरचं पाणी, सकाळची भाकरी. डाळ तळाशी असते आणि ती आधीच वाढून झालेली असते. कुणी तिला उपाशी ठेवलेलं नसतं. फक्त पंगतीचा क्रम असा लावलेला असतो की शेवटी बसणारीला उरलेलंच मिळावं. आरोग्य शिबिरात हीच बाई डॉक्टरांना सांगते, ‘काही नाही हो, जरा धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते.’ या ‘काही नाही’चं नाव रक्तक्षय आहे आणि त्याचं मूळ आपल्या पंगतीत आहे. म्हणून ताटाचा प्रश्न हा मला हक्काचा प्रश्न वाटतो. जमीन, मजुरी, मारहाण यांच्याइतकाच.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. यातली मेख लक्षात घ्या. घरकामाला हातच न लावणारे पुरुष या ८८ मिनिटांच्या सरासरीत धरलेलेच नाहीत, आणि तेच बहुसंख्य आहेत. अशा घरात जाऊन ‘वहिनी, रोज पालेभाजी निवडून करा, कडधान्यं मोड आणून खा, दारात वाफा करा’ असं सांगणं म्हणजे पाच तासांचे सहा तास करणं. आरोग्याच्या नावाने बाईला आणखी दमवायचं असेल तर तो कार्यक्रम आपला नव्हे. आपला कार्यक्रम वेगळा आहे. तो एकटीच्या स्वयंपाकघरात सुरूच होत नाही, मैत्रिणींच्या घोळक्यात सुरू होतो.

आमच्या गटात गेली काही वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डबा-बैठक होते. घरकाम करणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, एक निवृत्त शिक्षिका, दोघी-तिघी कॉलेजातल्या, अशा पंधरा-सोळा जणी जमतो. नियम तीनच. रोजच्या स्वयंपाकापेक्षा जास्त वेळ लागेल असं काही करून आणायचं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं. आणि कुणी कुणाला वाढायला उठायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण तिसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या काही बैठकांना बायका बसायच्याच नाहीत. एक घास खाल्ला की कुणाला चटणी दे, कुणाला पाणी दे. वाढत राहण्याची सवय अंगात इतकी मुरलेली असते की स्वतःच्या भुकेकडे बघायलाही शिकावं लागतं.

या बैठकांतून जे हाती लागलं ते फार खर्चाचं नाही. भाजी-भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा असला की धान्य-पाल्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते कमी लागतं. चहा तासाभराने घ्यावा. लोखंडी कढईत भाजी केली की तिच्यात लोह उतरतं, मात्र झाली की ती दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं; तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळपणा, त्यात ना प्रथिनं ना लोह. घरातले बहुतेक उपास बाईच्या नावावर असतात. ते सोडावेत की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण करायचेच तर राजगिरा आणि शेंगदाणे तरी ताटात असावेत.

आणि अळीव. अळिवाचे, डिंकाचे लाडू आपल्याकडे कुणाला मिळतात? बाळंतिणीला. तेही तिच्या दुधासाठी, बाळासाठी. ज्या समाजाला अळिवाचं मोल इतकं नेमकं माहीत आहे, त्याने ते बाईला फक्त आई झाल्यावरच द्यावं? मूल न झालेली, लग्न न केलेली, पाळी जाण्याच्या वयात हाडं दुखणारी, हिच्यासाठी लाडू का वळले जात नाहीत? गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळ्याजणींनी मिळून वळले आणि वाटून घेतले. कारण काहीच नव्हतं, आणि तेच कारण होतं.

एकत्र जेवायचं ठरवलं की जातही पाटावर येऊन बसते. आमच्यातली एक मैत्रीण सुरुवातीचे दोन महिने बटाट्याची कोरडी भाजी आणत राहिली. तिसऱ्या महिन्यात तिने सुकटीची चटणी आणली आणि म्हणाली, ‘तुमच्यात चालेल की नाही ठाऊक नव्हतं.’ वासाने दोघी जणी लांब सरकल्या. त्या दिवशी नियोजित विषय बाजूला राहिला आणि कुणाचं अन्न ‘सात्त्विक’ आणि कुणाचं ‘वास मारणारं’ हे कोण ठरवतं, यावर बोलणं झालं. बोलणं सोपं नव्हतं. त्या दोघींपैकी एक आजही सुकट खात नाही, पण शेजारी बसून जेवते. दुसरी येईनाशी झाली. मांस-मासळीतलं लोह शरीराला सगळ्यात सहज लागतं, आणि सुकट-जवळा हे गरिबाच्या घरातलं प्रथिनांचं स्वस्त साधन आहे. आरोग्याच्या तक्त्यांमधून ते गाळलं जातं, ते पोषण कमी म्हणून नव्हे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली. तशा नोंदी आपल्या आया-आज्यांकडून आपणही घ्यायला हव्यात. कुर्डू, टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली या रानभाज्यांची ओळख शहरातल्या हॉटेलांना आता होते आहे. ज्या बायकांनी टंचाईत त्यावर घर जगवलं, त्यांना ती कधीपासून आहे.

डब्यांच्या मागोमाग आमच्याकडे डबे आले ते मातीचे. तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटच्या गोण्या. त्यात मेथी, माठ, पुदिना, मिरची. सांडपाणी मुरतं तिथे अळू. वस्तीच्या कडेला शेवगा लावला; तो कमरेच्या वर गेला की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला हाताशी राहतो. पाणी घालायच्या पाळ्या लावल्या आहेत आणि त्यात मुलगे आहेत, दोन नवरेही आहेत. संक्रांतीला वाण म्हणून आम्ही बियांच्या पुड्या वाटतो: विधवा, परित्यक्ता, एकटी, सगळ्यांना. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठरावाने जे सुरू होतं ते मुरायला सणासुदीची रीत बदलावी लागते, आणि बी हे त्यासाठी चांगलं वाण आहे. ते पुढच्या वर्षी परत देता येतं.

बियाणं जपणं हे बायकांचं जुनं शहाणपण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं कौतुक करताना एक प्रश्न मात्र विसरू नये. बी बाईच्या हातात आहे, पण ते पेरायचं कुठे हे कोण ठरवतं? मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत हजारो बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यावर नगदी पिकाऐवजी ज्वारी, डाळी, भाज्या घेतल्या. दुष्काळात सोयाबीन, ऊस हातचे गेले तरी या तुकड्याने घराला खायला दिलं. संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण तो अर्धा एकरही ‘मागून’ घ्यावा लागला, हा शब्द मला टोचतो. गंमत पाहा: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानलं. धान्य आणायच्या कार्डावर ती प्रमुख, आणि धान्य पिकवायच्या सातबारावर तिचं नावच नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने गटांपुढे काही कामं ठेवते. प्रत्येक गटाने आपल्या सभासदांची हिमोग्लोबिन तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत. वर्षाने पुन्हा पाहावेत. लोहाच्या गोळ्या केंद्रात नसतील तर त्या मागाव्यात. भाजीपाला हा गोळीला पर्याय नाही, जोडीदार आहे. रेशनवर ज्वारी, बाजरी, नाचणी मिळावी असा अर्ज द्यावा. कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. वस्तीतली, शाळेतली, ग्रामपंचायतीची पडीक जागा भाजीसाठी सामूहिक मागावी. सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागलं आहे का, याची गटात यादी करावी. आणि महिन्यातून एकदा, कुठल्याही सणाची वाट न पाहता, मैत्रिणींनी एकत्र बसून पोटभर जेवावं.

अंकातल्या पाककृतींखाली एक ओळ मुद्दाम सगळीकडे छापली आहे: हा पदार्थ घरातल्या कुणालाही करता येतो. करायला सोपा आहे म्हणून नव्हे. तो करणारा हात बदलावा म्हणून.

तुमच्या गटात पंगत कशी बसते, शेवटी कोण जेवतं, परसात काय लावलंत आणि ती जागा कुणाच्या नावावर आहे, हे जरूर कळवा. पत्रासोबत चार बिया पाठवल्यात तर त्याही पुढच्या गटाकडे पोहोचवू.

संपादक मंडळाच्या वतीने,
तुमची मैत्रीण