अपयश परवडले पाहिजे

मुलांना ‘सकारात्मक विचार’ शिकविण्याचा उत्साह सध्या सर्वत्र दिसतो. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांतून आठवीपर्यंत ‘आनंद अभ्यासक्रम’ सुरू केला. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. घरचा कलह, आजार, परीक्षेतील अपयश अशी त्यांमागील कारणे अनेक व बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. तथापि एवढा आकडा समोर असता शासनाला स्वस्थ बसता येत नाही. प्रश्न आहे तो उपायाचा.

मन शांत ठेवण्याचे धडे वर्गावर्गातून सरसकट दिले म्हणजे मुले खंबीर होतात, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर असा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. खास धडे घेतलेली मुले इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत.

याउलट बिहारमधील नालंदा जिल्ह्याचा अनुभव अधिक बोधक आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील सरकारी माध्यमिक शाळांत २०१५-१६ पासून एक उपक्रम चालला. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेला, परंतु प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र कार्यकर्ता नेमण्यात आला; काही शाळांत तेच काम शाळेतील शिक्षकाकडे सोपविण्यात आले. कामही साधेच होते: मुलांच्या तक्रारींसाठी पेटी, भित्तिपत्रक, सभा आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याच्याशी एकांतात बोलणे. स्वतंत्र कार्यकर्ता असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, दांडगाई घटली, मुलांमधील खिन्नतेचे प्रमाणही उतरले. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र असा लाभ दिसला नाही. जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदी वाहणाऱ्या शिक्षकवर्गाला याचे आश्चर्य वाटू नये. शिवाय जो गुण देतो त्याच्याजवळच मन मोकळे करणे मुलाला अवघड जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु समुपदेशक नेमूनही एक गोष्ट शिल्लक राहते. मुलाला अपयश पचविता यावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या अपयशाची किंमत किती, हे विचारीत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या पुढे. म्हणजे एका जागेमागे वीसहून अधिक उमेदवार. ही परीक्षा वर्षातून एकदाच होते. ती हुकली की वर्ष गेले, शिकवणीची फी गेली, आणि ती फी बापाने भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली असली तर घराची शांतताही गेली. अशा मुलाची भीती ही विचारसरणीतील दोष नव्हे. तो त्याने केलेला बऱ्यापैकी अचूक हिशेब आहे. त्याला ‘चांगला विचार कर’ असे सांगणे म्हणजे महागाईने गांजलेल्या गृहिणीला प्रसन्न राहण्याचा सल्ला देणे होय.

किंमत कमी करता येते, याचे दाखले आहेत. दहावीच्या अनुत्तीर्णांना पूर्वी ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे. तोवर अकरावीचे वर्ग अर्धे सरत. २०१५ पासून राज्य मंडळाने निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा घेण्यास आरंभ केला आणि त्यात उत्तीर्ण झालेल्याचे वर्ष वाचू लागले. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०१९ पासून एकाहून अधिक वेळा देता येते व त्यांतील चांगले गुण धरले जातात. या निर्णयांना कोणी मनःस्वास्थ्याच्या योजना म्हणत नाही. पहिल्या ठेचेनंतर उठता येते, हा धडा मात्र त्यांनी कोणत्याही तासिकेपेक्षा अधिक मुलांना दिला असेल. धीर हा पुष्कळसा सवयीचा भाग आहे, आणि सवय लहान, सोसवणाऱ्या अपयशांनीच लागते. घरातही हेच. सहावीतल्या चाचणीतील कमी गुणांवर आठवडाभर अबोला धरणारे पालक बारावीत मुलाने सारे मोकळेपणाने सांगावे अशी अपेक्षा करतात, ती कशी पुरी व्हावी?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये या विषयावर निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. दुसऱ्या निर्देशाला पैसा लागत नाही. तो शाळांना व खाजगी शिकवण्यांना उद्यापासून पाळता येईल. पहिल्याला लागतो. केंद्र शासनाची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे, तिचा क्रमांक फलकावर लिहिण्यासही खर्च नाही. पण दूरध्वनी म्हणजे शाळेतला माणूस नव्हे. जेथे विज्ञानाच्या मंजूर जागाच वर्षानुवर्षे रिक्त राहतात, त्या ग्रामीण अनुदानित शाळेत समुपदेशकाचे पद कोणत्या लेखाशीर्षाखाली निर्माण होणार आणि त्याचे वेतन कोण देणार, हे शिक्षण खात्याने स्पष्ट करावयास हवे.