तुम्ही हवा विकताय का?

ऑनलाइन विकणाऱ्याला किमतीवरून घासाघीस करणारं गिऱ्हाईक परवडतं. ते निदान उघड भांडतं. खरा डेंजर प्राणी म्हणजे किमतीला लगेच 'डन' म्हणणारा आणि मग हळूच 'शिपिंग फ्री ना?' विचारणारा!

मी मुलुंडला घरी कागदी लॅम्पशेड बनवते. पाच दिवस ऑफिस, शनिवारी पॅकिंग. शेडचं वजन जेमतेम ८०० ग्रॅम, पण खोका ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटर. कुरियरवाले या तिन्हींचा गुणाकार करून ५००० ने भागतात. उत्तर ९.६, म्हणजे बिल जवळजवळ दहा किलोचं! नागपूरच्या एक ताई हा हिशेब वाचून भडकल्या. 'अहो, तुम्ही हवा विकताय का?' खरं तर हो. खोक्यात बहुतेक हवाच असते आणि गाडीत जागा तीच अडवते. पण मग त्यांनीच विचारलं, 'शेडची घडी होत नाही का?' झाली की! आता खोका ४ सेंटिमीटर उंच, हिशेबाचं वजन १.२८ किलो. कटकट्या गिऱ्हाइकाला लगेच ब्लॉक करू नये, ते असं.

काकालोकांची फर्माईश वेगळी. 'रजिस्टर्डनं पाठव, स्वस्त पडतं.' काका, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय!

मुंबईत २००० साली सुरू झालेली 'बाझी डॉट कॉम' आठवते? २००४ मध्ये ती 'ईबे'नं घेतली. तिथे 'पैसापे' होतं. पैसे मध्ये थांबायचे, माल पोचला की विकणाऱ्याला मिळायचे. भांडण झालं तर मध्ये कुणीतरी असायचं. 'ईबे इंडिया' २०१८ मध्ये बंद झालं. आता इन्स्टावर ऑर्डर, यूपीआयनं पैसे आणि भांडण थेट तुमच्या इनबॉक्समध्ये.

म्हणून मी पैसे घेण्याआधीच दोन ओळी लिहून पाठवते. एक पोस्टाचं भाडं, दुसरी खोका-बबल रॅप-टेपचे ६० रुपये. एकच गोल आकडा सांगितला की गिऱ्हाईक पावतीचा फोटो मागतं आणि वरच्या ६० रुपयांसाठी तुम्ही चोर ठरता. 'तुटकं आलं' म्हणणाऱ्याकडे मी खोका उघडतानाचा व्हिडिओ मागते. ही अटसुद्धा आधीच सांगितलेली असते, नंतर काढली तर ती पळवाट वाटते.

आणि 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणणारा गिऱ्हाईकच नव्हे. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. त्याला मात्र खुशाल ब्लॉक करा.