वेळेला धावून आला तो

1965 च्या डिसेंबरात बाल्टिमोर कोल्ट्स या संघाकडे धड एकही क्वार्टरबॅक उरला नव्हता. अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचा फारसा संबंध आलेला नाही, त्यांना या वाक्यातलं संकट जाणवायचं नाही, म्हणून आधी थोडं सांगतो.

या खेळात दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. मधला खेळाडू खाली वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला क्वार्टरबॅक तो हातात घेतो. इथून पुढे त्याच्याकडे तीन-चार सेकंद असतात. चेंडू धावणाऱ्या गड्याच्या पोटाशी द्यायचा, लांब धावत गेलेल्या साथीदाराकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने तेवढ्यात ठरवायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला जमिनीवर लोळवायला धावत येत असतात. बाकीच्या दहाजणांना आपापलं काम पाठ असलं की पुरतं, याला अकराही जणांचं काम पाठ लागतं. त्या काळात तर पुढची चाल कोणती हेही बहुतेक वेळा मैदानात तोच ठरवायचा. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओतून क्वार्टरबॅकच्या कानात पोचवायला परवानगी मिळाली ती थेट 1994 साली. 1965 मध्ये क्वार्टरबॅक गेला की संघाचं डोकंच जायचं.

आणि कोल्ट्सचं डोकं म्हणजे जॉनी युनायटस, त्या जमान्यातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक. गंमत म्हणजे तोही बदली म्हणूनच वर आला होता. 1955 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतलं आणि एकाही सामन्यात न खेळवता काढून टाकलं. मग तो सामन्यामागे सहा डॉलर घेऊन एका निमव्यावसायिक संघाकडून खेळत राहिला. पुढच्या वर्षी कोल्ट्सच्या जॉर्ज शॉचा पाय मोडला, तेव्हा हा आत गेला आणि मग वर्षानुवर्षं ती जागा त्याने सोडली नाही.

5 डिसेंबर 1965 ला शिकागो बेअर्सविरुद्ध युनायटसचा गुडघा गेला. सामना 13-0 असा गेला आणि युनायटसचा हंगामही तिथेच संपला. आठवड्याने, 12 तारखेला, घरच्या मैदानावर दाट धुक्यात ग्रीन बे पॅकर्सशी गाठ पडली. राखीव क्वार्टरबॅक गॅरी क्युओझो त्या सामन्यात खेळला आणि त्याचा खांदा निखळला. पॅकर्सच्या पॉल हॉर्नंगने एकट्याने पाच टचडाउन केले, म्हणजे पाचदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, सामना 42-27 असा हातचा गेला. शेवटचा साखळी सामना शनिवारी, म्हणजे सहाच दिवसांवर, आणि तोही लॉस एंजेलिसला जाऊन खेळायचा होता.

डॉन शूला तेव्हा जेमतेम पस्तिशीचा तरुण प्रशिक्षक होता. पुढे तो या खेळातल्या सर्वाधिक विजयांचा मानकरी झाला, पण त्या आठवड्यात त्याच्यापुढे असलेला प्रश्न पुढच्या सगळ्या कारकिर्दीत त्याला क्वचितच पडला असेल. त्याने टॉम मॅटला क्वार्टरबॅक करायचं ठरवलं.

टॉम मॅट हा हाफबॅक. चेंडू पोटाशी घेऊन गर्दीत घुसायचं, दोन-चार यार्ड ओरबाडून घ्यायचे, मार खायचा, उठायचं आणि पुन्हा घुसायचं, हे त्याचं काम. वय सव्वीस. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना तो क्वार्टरबॅक म्हणून खेळला होता, पण तिथले प्रशिक्षक वुडी हेज हे पास या प्रकाराचे कट्टर विरोधक, त्यामुळे त्या क्वार्टरबॅकचंही मुख्य काम धावणं हेच होतं. राहुल द्रविडने पोरवयात यष्टिरक्षण केलं होतं या भरवशावर 2003 च्या विश्वचषकात ग्लोव्हज त्याच्या हाती दिले गेले, तसाच काहीसा हा हिशेब. फरक इतकाच की द्रविडला सराव करायला बराच काळ मिळाला होता. मॅटला आठवडासुद्धा मिळाला नाही.

मला या कथेत सर्वांत आवडतो तो हा आठवडा. शूलाने मॅटला युनायटस बनवायचा प्रयत्नच केला नाही. युनायटसच्या चालींचं बाड बाजूला ठेवलं आणि मॅटला जे जमतं तेवढ्यावर नवा खेळ बांधला. त्यात धावणं भरपूर, पास मोजके आणि तेही आखूड. तरीही चाली लक्षात कशा ठेवायच्या हा प्रश्न होताच. त्यावर उपाय निघाला तो एका छोट्या कागदाचा. प्रसंगानुसार कोणती चाल खेळायची याची यादी बारीक अक्षरात त्या कागदावर लिहिली, वर पारदर्शक प्लास्टिक चढवलं आणि तो पट्टा मॅटच्या मनगटावर बांधला. दोन चालींच्या मधल्या वेळात सगळे गोल करून उभे राहिले की मॅट मनगटाकडे बघायचा, चाल सांगायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा. आज या खेळातल्या मोठमोठ्या क्वार्टरबॅकच्या मनगटावर असा पट्टा दिसतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्या दिवशी मात्र हजारो लोकांसमोर मनगटावरचं वाचून खेळायचं म्हणजे ‘मला हे काम येत नाही’ असं उघड सांगण्यासारखं होतं. मॅटने ते सांगितलं आणि खेळला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

18 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये तो सोळा वेळा चेंडू घेऊन धावला आणि 99 यार्ड घेऊन आला. पासच्या कामासाठी संघाने त्याच आठवड्यात पिट्सबर्गकडून एड ब्राउन नावाचा एक मुरलेला क्वार्टरबॅक आणला होता. त्याने अधूनमधून आत येऊन जॉन मॅकीला 68 यार्डांचा एक टचडाउन पास दिला. कोल्ट्स 20-17 असे जिंकले. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत पॅकर्सचा सामना 24-24 असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघ दहा विजय, तीन पराभव, एक बरोबरी अशा एकाच पायरीवर आले. आता पश्चिम विभागाचा विजेता ठरवण्यासाठी एक जादा सामना खेळवणं भाग होतं. तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर ठरला. एड ब्राउन मुदत उलटून गेल्यावर संघात आला होता, म्हणून नियमाने त्याला या सामन्यात खेळता येणार नव्हतं. राहिला एकटा मॅट.

समोर व्हिन्स लोम्बार्डींचा पॅकर्स, त्या दशकातला सर्वांत बलाढ्य संघ. हंगामात दोनदा त्यांनी कोल्ट्सना हरवलं होतं, आणि त्या दोन्ही सामन्यांत कोल्ट्सकडे खरे क्वार्टरबॅक होते. डिसेंबरातलं ग्रीन बे, गारठलेलं मैदान, भोवती 50 हजारांवर प्रेक्षक. कोल्ट्सचा तिथे पालापाचोळा होईल असं भाकीत करायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

पण सामन्याच्या पहिल्याच चालीत पॅकर्सच्या बिल अँडरसनच्या हातून चेंडू निसटला. कोल्ट्सच्या डॉन शिनिकने तो उचलला आणि 25 यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. त्याला अडवायच्या झटापटीत पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याच्या बरगड्यांना मार लागला आणि तो जवळजवळ सगळ्या सामन्याला मुकला. त्याच्या जागी आला झीक ब्रॅटकोव्स्की, म्हणजे पॅकर्सचाही बदलीच. वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा सामना दोन्हीकडून राखीव माणसं खेळत होती. मात्र ब्रॅटकोव्स्की वर्षानुवर्षं हेच काम करत आलेला होता. मॅटच्या बाबतीत तसं काही म्हणायची सोय नव्हती.

मध्यंतराला कोल्ट्स 10-0 असे पुढे होते. पुढचे आकडे मी मुद्दाम देतो, कारण नुसते आकडे बघणाऱ्याला त्या दिवशीचा मॅट दिसणारच नाही. सबंध सामन्यात त्याने बारा पास टाकले, त्यातले पाच लागू पडले, मिळाले फक्त 40 यार्ड. ब्रॅटकोव्स्कीने 39 पैकी 22 पास पूर्ण केले आणि 248 यार्ड कमावले. या दोन ओळी शेजारी ठेवल्या तर सामना एकतर्फी झाला असावा असंच कुणालाही वाटेल. तसा तो झाला नाही, याचं कारण कोल्ट्सचा बचाव हटून उभा राहिला आणि मॅटने आपल्या आवाक्याबाहेरचं काही करायला जाऊन चेंडू भिरकावून दिला नाही. सतरा वेळा तो स्वतः चेंडू घेऊन पॅकर्सच्या भिंतीत घुसला आणि 57 यार्ड घेऊन आला. मोठा पास टाकून हिरो व्हायचा मोह अशा वेळी भल्याभल्यांना होतो. मॅट शेवटपर्यंत मनगटावरच्या कागदाशी इमान राखून खेळला.

तिसऱ्या सत्रात हॉर्नंगने एक टचडाउन केला, 10-7 झाले. सामना संपायला दोन मिनिटांहून किंचित कमी वेळ उरला असताना पॅकर्सच्या डॉन चँडलरने 22 यार्डांवरून फील्ड गोलसाठी, म्हणजे चेंडू दोन गोलखांबांच्या मधून धाडण्यासाठी, लाथ मारली. चेंडू उजव्या खांबाच्या माथ्यापेक्षा उंच उडाला. तो खांबाच्या आतून गेला की बाहेरून? चँडलरने लाथ मारताच हिरमुसून मान फिरवली, हे चित्रफितीत दिसतं. पंचांनी मात्र दोन्ही हात वर केले. 10-10. कोल्ट्सच्या खेळाडूंनी हा निर्णय मनातून कधीच मान्य केला नाही. बाल्टिमोरमध्ये लोक पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल हळहळत राहिले.

सामना ‘सडन डेथ’मध्ये गेला, म्हणजे जो पहिला गुण करील तो जिंकला. कोल्ट्सच्या लू मायकल्सला 47 यार्डांवरून संधी मिळाली, ती हुकली. जादा वेळेतली 13 मिनिटं 39 सेकंद उलटल्यावर चँडलरने 25 यार्डांवरून दुसरा फील्ड गोल मारला आणि त्यात शंकेला जागा नव्हती. ग्रीन बे 13, बाल्टिमोर 10. पुढच्याच आठवड्यात पॅकर्सनी क्लीव्हलँड ब्राउन्सना 23-12 असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. त्यानंतरची दोन वर्षंही तेच अजिंक्य ठरले आणि पहिले दोन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने, त्यांच्याच नावावर लागले. ज्या घोडदौडीबद्दल अजूनही ग्रंथ लिहिले जातात, तिची सुरुवातच एका हाफबॅकमुळे अडखळायची राहिली.

त्या एका लाथेने नियमही बदलले. 1966 मध्ये गोलखांबांची आडव्या दांडीवरची उंची 10 फुटांवरून 20 फूट करण्यात आली, खांबांखाली दोन पंच उभे करायचं ठरलं. वाढवलेल्या त्या भागाला लोक ‘बाल्टिमोर एक्स्टेन्शन’ म्हणत. बाल्टिमोरकरांना त्याचा कितपत दिलासा वाटला असेल कोण जाणे!

लॅम्बो फील्डची गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला तिचं शेपूटही तितकंच मोलाचं वाटतं. विभागात दुसऱ्या आलेल्या संघांचा, तिसऱ्या क्रमांकासाठीचा एक सामना तेव्हा मायामीत व्हायचा. त्याला फारशी किंमत नसे. 9 जानेवारी 1966 ला कोल्ट्स तिथे डॅलस काउबॉईजविरुद्ध उतरले, पुन्हा मॅटलाच क्वार्टरबॅक करून. कोल्ट्स 35-3 असे जिंकले आणि मॅटने दोन टचडाउन पास दिले, दोन्ही जिमी ऑरला. ज्याला पास जमत नाहीत असं धरून सगळा डाव आखला होता, त्याने जाता जाता तेही करून दाखवलं. मग हंगाम संपला आणि मॅटचं क्वार्टरबॅकपणही संपलं.

जेमतेम तीन आठवड्यांचा हा कारभार. पुढच्या हंगामात युनायटस परत आला आणि मॅट आपल्या जुन्या जागेवर गेला. त्याने कधी त्या जागेवर हक्क सांगितला नाही. 1972 पर्यंत तो कोल्ट्सकडूनच खेळला, बारा हंगामांत 4,646 यार्ड धावला, दोनदा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. जानेवारी 1969 च्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून कोल्ट्सचा जो गाजलेला पराभव झाला, त्यातही मॅटने अवघ्या अकरा धावांत 116 यार्ड काढले होते. त्या हंगामात कोल्ट्सचा गाडा ओढला तो अर्ल मोरालने, म्हणजे युनायटसचा कोपर दुखावल्यावर आलेल्या आणखी एका बदली क्वार्टरबॅकने. या संघाच्या नशिबातच राखीव माणसं लिहिलेली असावीत.

राखीव खेळाडूंबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे. त्यांच्या गोष्टी आपण सांगतो तेव्हा शेवटी त्यांनी जिंकायलाच हवं, अशी आपली अट असते. शेवटच्या चेंडूवर षटकार, शेवटच्या मिनिटाला गोल. मग आपण टाळ्या वाजवतो आणि म्हणतो की याच्यात गुणवत्ता होतीच, कुणी ओळखली नव्हती इतकंच. मॅटची गोष्ट या साच्यात बसत नाही. त्याच्यात थोर क्वार्टरबॅक दडलेला नव्हता आणि तो तसा आहे असं त्यालाही वाटत नव्हतं. जागा रिकामी होती, दुसरं कुणी नव्हतं आणि तो उभा राहिला. बाकीचे दहाजण त्याच्याभोवती उभे राहिले. बचावफळीने तर त्याच्या वाटचा निम्मा भार उचलला. इतकं करूनही सामना हरला. मी या खेळातले कितीतरी विजय वाचले, पाहिले आणि विसरलो. हा पराभव विसरलो नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी टॉम मॅट गेला. ओहायोतल्या कँटनला या खेळाचं ‘हॉल ऑफ फेम’ आहे. युनायटस, शूला, लोम्बार्डी, स्टार आणि हॉर्नंग या सगळ्यांना तिथे मानाचं स्थान मिळालं आहे. मॅटची निवड तिथे झाली नाही आणि त्याच्या एकूण कारकिर्दीचा विचार करता ती झाली नाही याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या मनगटावरचा तो पट्टा मात्र तिथे जपून ठेवला आहे. कुणा वाचकाचं ओहायोत जाणं झालं, तर तो आवर्जून पाहावा.