भरलेल्या घरातले एकटेपण

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातली घरे संध्याकाळी कशी गजबजलेली असतात! मगरीबच्या अजानआधी दस्तरखान अंथरला जातो, खजूर, टरबुजाच्या फोडी, गरम भजी मांडली जातात, शेजारच्या हिंदू घरी झाकलेली ताटली पोहोचते. अशा घरात कुणी एकटे असेल, असे बाहेरच्याला वाटणारही नाही. पण सहरीला सर्वांआधी उठणारी आणि अजान होताना कढईजवळ उभ्यानेच खजूर तोंडात टाकणारी बाई दिवसभरात कुणाशी मनातले बोलली का, हे घरातल्यांनाही ठाऊक नसते. महालक्ष्मीच्या जेवणावळीत सर्वांत शेवटी पान घेणाऱ्या बाईचीही हीच गोष्ट आहे.

आपल्या वर्ध्याने हे फार जवळून पाहिले आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले. तिथल्या आदी निवासात गांधीजी, कस्तुरबा, कार्यकर्ते, पाहुणे सारे एकत्र राहत. खान अब्दुल गफ्फार खानही तिथे राहिले. माणसांची कमी नव्हती; बांना निवांत बसायला कोपरा मात्र नव्हता. ती अडचण जमनालाल बजाज यांनी ओळखली आणि बांसाठी वेगळी कुटी बांधून घेतली. आश्रमात जाणारे आपण बा कुटी पाहतो, पण ती का बांधावी लागली, हे क्वचितच विचारतो.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे थोरले पुत्र हरिलाल यांनी मुंबईत इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्ला हे नाव घेतले. काही महिन्यांतच ते पुन्हा हिंदू धर्मात परतले. देशभर चर्चा झाली ती धर्माची. कुणाला आनंद झाला, कुणाला संताप आला. धर्म मनापासून स्वीकारला असता तर आपली तक्रार नसती, असे गांधीजींनी जाहीरपणे लिहिले. या गोंगाटात दोन माणसे मागे पडली. एक, वडिलांशी न पटलेला, १९१८ मध्ये पत्नी गमावलेला, व्यसनात बुडालेला मुलगा. दुसरी, त्याची आई. बांनी त्या वर्षी मुलाला उघडे पत्र लिहिले. आईला मुलाशी वर्तमानपत्रातून बोलावे लागावे, याहून मोठे एकटेपण कोणते?

आपली घरे इतकी प्रसिद्ध नाहीत, म्हणून आपले पत्र कुठे छापून येत नाही. कॉलेजात उतरलेल्या चेहऱ्याने बसलेल्या मुलाला विचारले, की तो म्हणतो, ‘घरी सगळे ठीक आहे.’ फी भरलेली असते, डबा वेळेवर येतो, हातात मोबाईल असतो. घरात भांडण नसते, कारण बोलणेच उरलेले नसते. आणि कुणी मोकळे बोललेच, तर ‘नजर लागली’, ‘इमान कमजोर आहे’, ‘लोक काय म्हणतील’ यांपैकी एक उत्तर तयार असते.

नात्यागोत्याची जोड टिकवणे, म्हणजे सिलारहमी, ही इस्लामने मोठी जबाबदारी मानली आहे. आपण ती ईदच्या मेसेजवर आणि बिर्याणीच्या डब्यावर आणून ठेवली. तिची सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरातून व्हावी. अजानच्या दहा मिनिटे आधी गॅस बंद करा. जे तळून झाले तेवढे पुरे. सर्वांनी एकत्र बसून रोजा सोडा. तरावीहनंतर मोबाईल बाजूला ठेवून अम्मी-अब्बांजवळ, भाभीजवळ, गप्प झालेल्या मुलाजवळ थोडे बसा. सल्ला देऊ नका, ऐका.

आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जात असेल, तर मात्र नुसत्या दिलाशावर थांबू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तापासाठी डॉक्टरकडे जाताना आपण इमान तपासत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लावावा.

जमनालालजींनी एका बाईची अडचण ओळखून कुटी उभारली. आपल्याला भिंती बांधायच्या नाहीत. घरातल्या माणसाला ‘तू कशी आहेस?’ एवढे विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचे आहे.