पाटी आपली, इंजिन कुणाचं?

गेल्या काही महिन्यांत माझ्या फोनवर दोन प्रकारचे फॉरवर्ड सतत येत आहेत. पहिला म्हणतो, ‘विदेशी ब्राउझर काढा, स्वदेशी टाका, देशाचा डेटा देशात ठेवा.’ दुसरा म्हणतो, ‘अमुक कंपन्या इस्रायलला मदत करतात, त्यांची अ‍ॅप काढून मुसलमानांनी बनवलेली अ‍ॅप वापरा.’ पहिला चिखलीच्या व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर येतो, दुसरा मोहल्ल्याच्या ग्रुपवर. या दोन ग्रुपमधली माणसं एकमेकांकडे संशयाने पाहतात, पण तंत्रज्ञानाच्या बाबतीत त्यांची गफलत अगदी एकच आहे. दोघंही पाटी वाचून दुकानात शिरतात. आत माल कुणाचा, गल्ला कुणाकडे जातो, याची चौकशी कुणीच करत नाही.

मला या दोन्ही फॉरवर्डशी भांडायचं आहे. त्यामागची भावना खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भावनेच्या जोरावर आपल्याला पुन्हा पुन्हा तेच विकलं जातंय आणि आपण ते कौतुकाने घेतोय.

आधी स्वदेशीचं पाहू. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पहिलं, १ कोटी रुपयांचं बक्षीस झोहो कंपनीला मिळालं, दुसरं ७५ लाखांचं आणि तिसरं ५० लाखांचं होतं. झोहोच्या ब्राउझरचं नाव ‘उला’. तो क्रोमियमवर बनलेला आहे. क्रोमियम म्हणजे गुगलने २००८ मध्ये क्रोमसोबत खुला केलेला कोड, ज्याची दिशा आजही मुख्यतः गुगलचे अभियंते ठरवतात. झोहोने हे लपवलेलं नाही, त्यामुळे माझी तक्रार झोहोशी नाही. तक्रार आहे ती ‘आता गुगलची गुलामी संपली’ असा ढोल बडवणाऱ्यांशी. ट्रॅक्टरला नवा रंग दिला, बॉनेटवर आपल्या गावाचं नाव लिहिलं, तरी इंजिन ज्याचं त्याचंच राहतं. सुटे भागही त्याच्याकडूनच येतात.

ब्राउझरच्या बाबतीत हे इंजिन म्हणजे फक्त उपमा नाही. वेबसाइटचा कोड वाचून पडद्यावर पान उभं करणाऱ्या भागाला इंजिनच म्हणतात. आज जगात मोठी इंजिनं तीनच उरली आहेत: गुगलचं ब्लिंक, अ‍ॅपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही डिसेंबर २०१८ मध्ये हात टेकले आणि जानेवारी २०२० मध्ये आपला एज ब्राउझर क्रोमियमवर आणला. जे काम मायक्रोसॉफ्टला परवडलं नाही, ते १ कोटीच्या बक्षिसात होईल असं मानणं म्हणजे एका बादलीत लोणारचं सरोवर उपसायला निघण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘कोड खुला आहे ना? मग कुणीही घ्यावा, बदलावा, त्यात गैर काय?’ मुद्दा बरोबर आहे. खुला कोड ही चांगलीच गोष्ट आहे. पण घेणं सोपं, बदललेलं टिकवून धरणं कठीण. सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत राहतात आणि त्या मूळ कोडमधून घ्याव्या लागतात. मूळ मालकाने एखादी सोय काढली की बाकीच्यांना ती स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवावी लागते. जाहिराती रोखणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ या लोकप्रिय एक्स्टेंशनचं हेच झालं. गुगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२५ पर्यंत ते क्रोममधून बाद झालं. मागे त्याची हलकी आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये ते अजून पूर्ण ताकदीने चालतं, कारण तिथलं इंजिन वेगळं आहे. जाहिरातींवर जगणारी कंपनी जाहिरात रोखण्याचे नियम ठरवते. याला बाजाराचा न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

आपल्या जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. १८५३ च्या तहात निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. पुढे १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा तो फाटा. व्हाइसरॉय एवढ्याशा फाट्यासाठी इतक्या लांब का आला? कारण त्याच्या टोकाला कापसाची बाजारपेठ होती. रेल्वे खरी होती, सोयही खरी होती, आपले लोकही तिच्यात बसले. पण रूळ कापसाच्या सोयीने टाकले होते, कापूस पिकवणाऱ्याच्या नाही. आजचा ब्राउझर तसाच आहे. फुकट आहे, वेगवान आहे, उपयोगी आहे. पण रूळ कुठून कुठे जातात हे ज्याचा माल वाहायचा आहे तो ठरवतो. आणि यात माल म्हणजे आपण काय शोधतो, काय वाचतो, कुठे थांबतो, कशावर बोट ठेवतो.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये गुगलचा शोध आधीपासून लावलेला असावा, यासाठी गुगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ मध्ये २,००० कोटी डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना मात्र क्रोम विकायला लावलं नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरच्या दादागिरीबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. एवढे पैसे आणि एवढी वकिली कशासाठी? फोन पेटीतून काढल्यावर समोर जे दिसतं, तेच बहुतेक माणसं आयुष्यभर वापरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे म्हणून.

स्वदेशीच्या पाटीबद्दल आणखी एक. ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दिसते, तेव्हा त्यामागे एक यादी असते, कुणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा याची. सरकारी स्पर्धेची एक अट होती की या यादीत भारताच्या प्रमाणपत्र नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र असावं. मागणी वावगी नाही. पण जुलै २०१४ मध्ये काय झालं ते विसरू नये. सरकारच्याच एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगल आणि याहूच्या पत्त्यांसाठी खोटी प्रमाणपत्रं बाहेर पडली. असं प्रमाणपत्र हाती असेल तर मधला माणूस आपलं बोलणं वाचू शकतो आणि कुलूप मात्र बंदच दिसतं. फायरफॉक्सच्या यादीत ते मूळ प्रमाणपत्र नव्हतंच, म्हणून त्याचे वापरकर्ते बचावले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मंत्र्यांच्या आवाहनानंतर ‘अराताई’ हे स्वदेशी मेसेंजर लाखोंनी उतरवून घेतलं. त्या वेळी त्यात लिखित संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप नव्हतं. देशप्रेमाने कुलपाची जागा भरून निघत नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे वळतो, कारण बोट नेहमी दुसऱ्याकडेच दाखवणं बरं नाही.

गाझातली चित्रं पाहून जीव तुटतो आणि बहिष्काराची हाक येते, यात काही चूक नाही. २०२१ मध्ये गुगल आणि अ‍ॅमेझॉनने इस्रायल सरकारशी सुमारे १२० कोटी डॉलरचा ‘निंबस’ करार केला, ही वस्तुस्थिती आहे. पण बहिष्काराची यादी ज्या फोनवर, ज्या अ‍ॅपमधून फिरते, तेही त्याच उद्योगाचे असतात. त्याहून वाईट हे की त्या यादीच्या शेवटी ‘आपलं’ म्हणून जे सुचवलं जातं, ते कुणी तपासलेलंच नसतं.

‘मुस्लिम प्रो’चं उदाहरण घ्या. नमाजची वेळ, किब्ल्याची दिशा आणि कुरआन देणारं हे अ‍ॅप जगभर कोट्यवधी फोनवर होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी प्रकाशनाने उघड केलं की या अ‍ॅपमधून वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या दलालाकडे जात होती आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या दलालाला लोकांच्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. मशीद, दवाखाना, घर, कब्रस्तान, माणूस कुठे किती वेळ थांबला, हे सगळं विकाऊ होतं आणि दार उघडणारं अ‍ॅप हिरव्या रंगाचं होतं. मलेशियात २०१९ मध्ये ‘सलामवेब’ नावाचा इस्लामी मूल्यांचा म्हणवणारा ब्राउझर आला. तोही क्रोमियमच. पाटी बदलली, रूळ तेच.

आपल्याकडे ‘तजस्सुस’ हा शब्द आहे. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुडकत फिरणं, जे धर्माने निषिद्ध मानलं. ‘अमानत’ हाही शब्द आहे. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणाऱ्याला हे शब्द लावायचे आणि चोवीस तास खिशातून डोकावणाऱ्याला सूट द्यायची, हा कुठला न्याय? आणि मुळात नमाजच्या वेळेसाठी अ‍ॅपला आपला ठावठिकाणा कळवायची गरजच काय? मशिदीच्या भिंतीवर छापील तक्ता टांगलेला असतो. अ‍ॅपच हवं असेल तर शहराचं नाव हाताने टाका आणि ठिकाणाची परवानगी बंद करा. मेहकर काही दर तासाला जागा बदलत नाही.

काही वाचक म्हणतील, सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकरी नाही, तिथे ब्राउझरचं काय घेऊन बसलात? नेमकं म्हणूनच. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याचा अर्ज, लाडकी बहीणची ई-केवायसी, सगळं ब्राउझर किंवा अ‍ॅपमधून जातं. ज्याच्या घरी संगणक नाही तो सेवा केंद्रात जातो. मी पाहिलेल्या एका केंद्रात ब्राउझरने ग्राहकांचे पासवर्ड जतन करून ठेवले होते आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शेकडो लोकांची आधार कार्डं पडून होती. केंद्रचालक वाईट माणूस नव्हता. गर्दीत त्याला उसंत नव्हती आणि कुणी त्याला विचारलंही नव्हतं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण तो कायदा त्या फोल्डरपर्यंत पोचायला आपणच त्याला हात धरून नेलं पाहिजे. काळी बुरखेवाली असो की नऊवारीतली आजी, त्या फोल्डरमध्ये सगळ्यांची कार्डं शेजारी शेजारीच पडलेली असतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कुठलंही अ‍ॅप, कुठलाही ब्राउझर हाती घेताना त्याचा धर्म आणि देश विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. इंजिन कुणाचं? पैसा कुठून येतो? आणि गडबड झाली तर हिशेब कुणाला मागायचा? या कसोटीवर मोझिलाही पूर्ण उतरत नाही, कारण तिच्या कमाईचा मोठा भाग गुगलकडूनच येतो. तरीही वेगळं इंजिन टिकवणारी ती एक ना-नफा संस्थेच्या मालकीची कंपनी आहे, म्हणून आज मी फायरफॉक्स सुचवतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. जाहिराती रोखल्या की रोजचा दीड जीबी डेटाही जास्त पुरतो. उद्या यापेक्षा चांगलं काही आलं तर हेही काढून टाकावं. ब्राउझरशी निकाह लावलेला नाही.

सेवा केंद्रात काम झालं की ‘पासवर्ड जतन करू नका, माझी फाइल पुसा’ असं तोंडावर सांगा, आणि समोर उभं राहून पुसून घ्या. क्रोमच्या ‘गुप्त’ खिडकीवर फार भिस्त ठेवू नका. त्या खिडकीत गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलने एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयीन तडजोडीत कबूल केलं आहे. सरकारकडे मागायचंच असेल तर स्वदेशी ब्राउझरऐवजी हे मागा की प्रत्येक सरकारी संकेतस्थळ प्रत्येक ब्राउझरमध्ये, साध्या फोनवर, शुद्ध मराठीत चाललं पाहिजे आणि आपल्या पैशांतून बनलेल्या अ‍ॅपचा कोड आपल्याला पाहायला मिळाला पाहिजे. पुण्याच्या सी-डॅकसारखी सरकारी संस्था १९८८ पासून उभी आहे. काम करणारे हात आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना ढोल वाजवायला लावू नका.

आणि मोहल्ल्यातल्या तरुणांना एक विनंती. बहिष्काराची यादी पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात. त्याऐवजी जुम्यानंतर तासभर वाचनालयात बसा, दहा बायाबापड्यांचे फोन हातात घ्या आणि कुठल्या अ‍ॅपला ठिकाण, माईक आणि संपर्कयादीची परवानगी दिली आहे ते त्यांना दाखवा. नको ती बंद करायला शिकवा. बाजूच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनाही बोलवा. त्यांच्या आयांच्या फोनमध्येही तेच दलाल बसलेले आहेत.